गोठ्यातले औषध, आभाळातले गिधाड

मराठी भाषेने गिधाडाला कधी फारसा मान दिला नाही. कुणाच्या मालमत्तेवर नातेवाईक टपले की ते गिधाडांसारखे टपतात आणि दुबळ्याचे लचके तोडणारेही गिधाडेच ठरतात. रामायणातला जटायू तेवढा या बदनामीतून सुटला. पण ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे गाव पाहिले आहे त्यांना गिधाडांची दुसरी बाजूही आठवत असेल. शिवाराबाहेर मेलेली ढोरे टाकण्याची एक जागा असे. बैल किंवा म्हैस तिथे ओढून टाकली, की आभाळात आधी एक ठिपका दिसे, मग दहा, मग पन्नास. तासाभरात हाडांचा सांगाडा उरे. या सेवेचे बिल कुणाला येत नसे आणि तिचे श्रेयही कुणी देत नसे.

ती जागा बहुतेक गावांत आजही आहे. ढोरे अजूनही मरतात. आभाळात मात्र ठिपका दिसत नाही.

गिधाडे कशी गेली ही कथा आता पुष्कळांना तोंडओळखीने ठाऊक आहे. गुरांना दिलेल्या एका वेदनाशामक औषधाने ती मेली, एवढे वर्तमानपत्रांतून अनेकदा येऊन गेले आहे. या लेखाचा रोख थोडा वेगळा आहे. गुरांचा डॉक्टर आणि वनाधिकारी हे दोघे आपापले काम नियमानुसार करत होते. दोघांपैकी कुणीही बेपर्वा नव्हता. तरीही दोघांच्या डोळ्यांदेखत, जगातल्या सर्वाधिक संख्येच्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणली जाणारी एक जात दीड दशकात जवळपास संपली. हे कसे घडले आणि दुरुस्तीचे काम आज कुठवर आले आहे, ते समजून घ्यायचे तर गोठ्यापासूनच सुरुवात करावी लागते.

भरतपूरची मोजणी

भारतात गिधाडांच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि सडपातळ चोचीचे अशा तीन जातींवर हे संकट सर्वात आधी आणि सर्वात जोरात कोसळले. पांढऱ्या पाठीचे गिधाड झाडावर घरटे करते. आपल्याकडे श्रीवर्धन-म्हसळ्याच्या पट्ट्यात ते चक्क नारळाच्या शेंड्यावरही घरटे बांधते. लांब चोचीचे गिधाड कड्याकपारीत राहते. नाशिकजवळच्या अंजनेरीसारखे सह्याद्रीचे कडे हे त्याचे घर. सडपातळ चोचीचे गिधाड उत्तरेकडचे आणि ईशान्येकडचे.

राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० च्या दशकाच्या अखेरीस पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या साडेतीनशेच्या आसपास जोड्या घरटी करत होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश तिथे पुन्हा मोजणी करत होते. त्यांना रिकामी घरटी दिसली, झाडांखाली मेलेले पक्षी दिसले आणि फांद्यांवर मान टाकून बसलेली गिधाडे दिसली. अन्न कमी झाले होते असे म्हणायला जागा नव्हती, कारण मेलेली गुरे तशीच पडून होती. शिकार होत नव्हती, कारण गिधाडाची शिकार करून कुणाला काहीच मिळत नाही. १९९९ मध्ये त्यांनी ही घट शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. पुढे देशभर रस्त्यांवरून ठरावीक मार्गांनी मोजणी झाली तेव्हा चित्र अधिकच विदारक निघाले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली होती, तर इतर दोन जातींची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. हजारात एक उरले, असा त्या पहिल्या आकड्याचा अर्थ.

इथे वनखात्याची पहिली अडचण सुरू होते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो मुख्यतः शिकार, सापळे, व्यापार आणि अधिवासाचा नाश यांच्याविरुद्ध उभा आहे. वनरक्षकाने गस्त घालायची, सापळे शोधायचे, वणवा विझवायचा, गुन्हा नोंदवायचा. गिधाडे मात्र जंगलाच्या हद्दीत, कुणीही हात न लावता मरत होती. गुन्ह्याची जागा दुसरीकडेच होती.

शवविच्छेदनाच्या टेबलावर

सुरुवातीला संशय विषाणूवर होता. इतक्या मोठ्या प्रदेशात, इतक्या वेगाने पसरणारा मृत्यू म्हणजे साथ, हे अनुमान स्वाभाविक होते. कीटकनाशके, शिसे, पारा यांचाही विचार झाला. खरी अडचण ताज्या शवांची होती. उन्हाळ्यात झाडावरून पडलेले गिधाड काही तासांत कुजू लागते आणि कुजलेल्या ऊतींतून कारण सापडत नाही.

कोडे सुटले ते पाकिस्तानातल्या पंजाबात. पेरेग्रिन फंड या संस्थेच्या प्रकल्पात अमेरिकेतले पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी तिथे मेलेली गिधाडे गोळा करून तपासत होते. तपासलेल्या गिधाडांपैकी ८५ टक्क्यांच्या पोटात एकच दृश्य दिसले. यकृतावर, हृदयावर, मूत्रपिंडांवर खडूची भुकटी फासावी तसे पांढरे थर होते. ते युरिक आम्लाचे स्फटिक. पक्षी शरीरातला नायट्रोजनयुक्त कचरा युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतात. मूत्रपिंडे बंद पडली, की ते आम्ल रक्तात साचते आणि आतल्या अवयवांवर जमते. म्हणजे मृत्यूचे निमित्त स्पष्ट होते, मूत्रपिंडे निकामी होणे. ती कशामुळे निकामी झाली, हा प्रश्न उरला.

जंतू सापडले नाहीत, कीटकनाशके सापडली नाहीत, जड धातूही सापडले नाहीत. तेव्हा ओक्स यांच्या गटाने प्रश्न उलटा केला. गिधाड खाते काय? मेलेली गुरे. मग गुरांच्या अंगात काय जाते? त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधविक्रेत्यांकडे चौकशी केली. गुरांना दिली जाणारी, मूत्रपिंडांना अपाय करू शकणारी आणि तोंडावाटे पोटात गेली तरी रक्तात शोषली जाणारी औषधे कोणती? या चाळणीतून एकच नाव उरले, डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीवरचे हे जुने औषध तेव्हा नुकतेच गोठ्यात पोचले होते.

मग तपासणी झाली. मूत्रपिंडे निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफेनॅक शोधले, तर पंचवीसच्या पंचवीस पक्ष्यांत ते सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते एकाही पक्ष्यात नव्हते. औषध दिलेल्या जनावराचे मांस जायबंदी, पुन्हा सोडता न येणाऱ्या गिधाडांना खाऊ घातले, तेव्हा तीच लक्षणे आणि तेच पांढरे थर दिसले. हा शोधनिबंध २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. भारत आणि नेपाळमधल्या मृत गिधाडांतही त्याच वर्षी हेच कारण सिद्ध झाले.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की वन्यपक्ष्याच्या मृत्यूचे हे कोडे एका पशुवैद्यकाने सोडवले आणि त्याची गुरुकिल्ली औषधाच्या दुकानात होती.

शंभरात एकाहूनही कमी

तरीही एक शंका राहते. देशातल्या सगळ्या गुरांना काही हे औषध दिले जात नव्हते. मग एवढी गिधाडे मेली कशी?

याचे उत्तर मात्रेत आणि गिधाडाच्या जेवणाच्या रीतीत आहे. गाईला किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक दिले जाई. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी निम्मे पक्षी मरतील एवढी मात्रा मात्र किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम, एवढी अल्प आहे. पक्ष्याचे वजन चार-पाच किलो धरले, तर एक मिलिग्रॅमच्या आतच त्याचा जीव धोक्यात येतो. हे एका पोटभर जेवणातून सहज घडते, विशेषतः औषध जिथे अधिक साठते ते यकृत आणि मूत्रपिंड वाट्याला आले तर. त्यानंतर दोनेक दिवसांत पक्षी मरतो.

गाईच्या शरीरातून हे औषध साधारण तीन दिवसांत निघून जाते. त्यामुळे बरी झालेली गाय धोक्याची नाही. औषध टोचल्यावर दोन-तीन दिवसांत मेलेली गाय धोक्याची. आणि वेदनाशामक कुणाला टोचतात? ज्या जनावराला उठवत नाही, जे ताप आणि सुजेने तळमळते आहे, बहुधा जे मरणाच्या दारात आहे, त्यालाच. गाय-बैल म्हातारे झाले तरी आपल्याकडे पुष्कळदा मरेपर्यंत गोठ्यातच असतात. अशा जनावराच्या अखेरच्या दिवसांत धनी डॉक्टरला बोलावतो आणि म्हणतो, ‘बरं नाही झालं तरी चालेल, पण याचा त्रास कमी करा.’ ती सुई दयेपोटी टोचली जाते. मरणाऱ्या जनावरालाच ती अधिक टोचली जात असल्याने औषधाचा अंश नेमका गिधाडाच्या ताटात पोचतो.

२००४-०५ मध्ये देशाच्या अनेक भागांतून मेलेल्या गुरांच्या यकृतांचे नमुने तपासले गेले. त्यांतल्या सुमारे दहा टक्के नमुन्यांत डायक्लोफेनॅक होते. दुसरीकडे संख्याशास्त्रज्ञांनी वेगळेच गणित मांडले होते. गिधाडांची दिसत असलेली घट घडवून आणायला किती शवे विषारी असावी लागतील? उत्तर आले, दर १३० ते ७६० शवांमागे एक. म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. कारण गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एका शवावर पन्नास-शंभर पक्षी उतरतात. शिवाय एक पक्षी वर्षात शंभराहून अधिक वेळा जेवतो. प्रत्येक जेवण ही एक सोडतच. कधी ना कधी विषारी चिठ्ठी निघतेच.

वीण मात्र संथ. ही गिधाडे पाचेक वर्षांची झाल्यावर पिले घालू लागतात आणि वर्षाला एकच अंडे देतात. पिढ्यान्‌पिढ्या प्रौढ गिधाडांना मृत्यू क्वचित येई, म्हणून ही संथ वीण पुरत होती. मृत्यू वाढताच ती पुरेनाशी झाली.

तीन खात्यांच्या मधली जागा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे आधी कुणाच्या लक्षात का आले नाही?

आपल्याकडचे पशुवैद्यक शिक्षण जुने आहे. मुंबईतले पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. या शिक्षणाचा पाया घोडा, बैल, गाय, म्हैस यांवर, म्हणजे माणसाच्या उपयोगाच्या जनावरांवर रचला गेला. आज गावात पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तिथे पशुधन विकास अधिकारी किंवा पशुधन पर्यवेक्षक आहे. नावातच ‘पशुधन’ आहे. जनावर हे शेतकऱ्याचे धन, ते राखायचे, वाढवायचे, दुधाळ ठेवायचे, हे त्याचे काम. ते काम तो एकेका तालुक्यातल्या हजारो जनावरांसाठी पावसापाण्यात, मोटारसायकलवर हिंडून करतो. त्याचा रुग्ण मेला की त्याचे काम संपते. फार तर विम्यासाठी किंवा रोगनिदानासाठी शवविच्छेदन होते.

या शिक्षणात औषधाच्या अंशाचा विचार मुळीच नाही असे नाही. प्रतिजैविक टोचल्यावर गाईचे दूध किती दिवस माणसाने वापरू नये, हे प्रत्येक पशुवैद्यक शिकतो. मांसासाठीही असाच काळ ठरलेला असतो. पण हा सगळा हिशेब माणसाच्या तोंडासाठी आहे. आपल्याकडे मेलेल्या गुराचा मुख्य ग्राहक गिधाड होते आणि त्याच्यासाठी असा काळ कुणी मोजलाच नव्हता. पुस्तकात ते कोष्टकच नव्हते.

वनाधिकाऱ्याची कहाणी याच्या उलट. त्याचे क्षेत्र नकाशावर आखलेले असते. वनरक्षकाचा बीट, वनपालाचे परिमंडळ, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याची रेंज. त्या रेषेच्या पलीकडे गोठ्यात कोणती सुई टोचली जाते, हे विचारण्याचा त्याला अधिकार नव्हता आणि कारणही नव्हते. गिधाड मात्र त्या रेषा मानत नाही. ते एका दिवसात शंभर किलोमीटर सहज फिरते. ताडोबात घरटे करणारे गिधाड तीन तालुके ओलांडून जेवू शकते.

तिसरे खाते औषधांचे. कोणते औषध कुणी, कोणत्या आकाराच्या बाटलीत विकावे हे ठरवणारे औषध महानियंत्रक दिल्लीत आणि त्यावर नजर ठेवणारे अन्न व औषध प्रशासन राज्यात. औषध सुरक्षित आहे का, हा प्रश्न तिथे विचारला जातो. कुणासाठी सुरक्षित, याच्या उत्तरात माणूस आणि गुरे येत होती. पक्षी येत नव्हता.

अशा तऱ्हेने गिधाड तीन खात्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडले. या घटनेत दोषी व्यक्ती शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

रिकाम्या जागेची किंमत

गिधाडे गेल्यावर मेलेली गुरे कुणी खाल्ली? मुख्यतः कुत्र्यांनी. पण कुत्रे गिधाडाचे काम नीट करू शकत नाही. गिधाडाच्या जठरातले आम्ल अतितीव्र असते, त्यात पुष्कळसे रोगजंतू मरतात. शवही तासाभरात साफ होते. कुत्र्यांना तेच काम करायला दिवस लागतात. तोवर कुजलेले मांस ओढ्या-नाल्यांत उतरते आणि कुत्र्यांची संख्याही वाढत जाते. २००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने अंदाज मांडला, की गिधाडे घटल्यामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले.

२०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी जिल्ह्यांचे दोन गट केले. पूर्वी जिथे गिधाडांना अनुकूल अधिवास होता असे जिल्हे एकीकडे आणि जिथे तो नव्हता असे दुसरीकडे. डायक्लोफेनॅक स्वस्त होऊन गोठ्यात आल्यानंतर पहिल्या गटातले माणसांचे मृत्युमान दुसऱ्याच्या तुलनेत चार टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले. २००० ते २००५ या पाच वर्षांत मिळून सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा निष्कर्ष. हा अंदाज आहे. त्यात जिल्ह्यांच्या नोंदींच्या मर्यादा आहेत. तरी दिशा स्पष्ट आहे.

या आकड्यांत न मावणारे नुकसानही झाले. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करत असे. पृथ्वी, अग्नी आणि पाणी अपवित्र होऊ नये, ही त्यामागची श्रद्धा. गिधाडे संपल्यावर तिथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली आणि काही कुटुंबांनी दहनाचा मार्ग धरला. शेकडो वर्षांची रीत एका औषधाने मोडली.

महाराष्ट्राच्या गावगाड्याशी या प्रश्नाचे आणखी एक नाते आहे. मेलेले ढोर ओढून नेण्याचे काम जातीने ठरवून दिलेले होते. १९२७ च्या महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. पुढे गावोगावी महार समाजाने ढोरे ओढायला नकार दिला आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला. माणसाने माणसावर लादलेले ते काम थांबणे न्याय्यच होते. पण गावाने त्याच्या जागी दुसरी व्यवस्था उभी केली नाही. शव शिवाराबाहेर नेऊन टाकले की उरलेले गिधाडे पाहतील, या भरवशावर सगळे चालले. गिधाडे गेल्यावर तो भरवसाही गेला. मेलेल्या गुराचे काय करायचे, या प्रश्नाला पुष्कळ ग्रामपंचायतींकडे आजही धड उत्तर नाही.

बंदी आणि पळवाटा

औषधाचे नाव कळल्यावर पर्यायाचा शोध सुरू झाला. नुसती बंदी घालून चालणारे नव्हते, कारण तळमळणाऱ्या गाईला काहीतरी द्यावे लागणारच होते. मेलॉक्सिकॅम हे त्याच वर्गातले औषध आधी दक्षिण आफ्रिकेत आणि मग भारतात गिधाडांवर तपासले गेले. ते सुरक्षित ठरले. हे निष्कर्ष २००६ च्या सुरुवातीला आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही त्याच वर्षी तशी पावले उचलली. धोरण बदलायला इतका कमी वेळ लागणे आपल्याकडे विरळाच.

पण पळवाट तयार होती. माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक औषधांच्या दुकानात मिळतच होते आणि तेही ३० मिलिलिटरच्या बाटलीत. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. मग एवढी मोठी बाटली कुणासाठी? हिशेब सोपा आहे. ३ मिलिलिटरच्या कुपीत ७५ मिलिग्रॅम औषध असते. तीनशे किलोच्या गाईला तीनशे मिलिग्रॅम लागते, म्हणजे चार कुप्या फोडाव्या लागतात. मोठ्या बाटलीत मात्र अशा दोन गाई भागतात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने माणसांसाठीचे हे इंजेक्शन एकाच मात्रेच्या छोट्या कुपीतच विकण्याचे बंधन घातले. काही औषध कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंधन कायम ठेवले. बाटलीचा आकार बदलून पक्षी वाचवण्याचे असे उदाहरण जगात क्वचितच असेल.

दुसरी पळवाट रसायनशास्त्रातली. ॲसिक्लोफेनॅक नावाचे औषध गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनते. किटोप्रोफेनही गिधाडांना घातक ठरले. या दोन्ही औषधांच्या गुरांसाठीच्या वापरावर २०२३ मध्ये बंदी आली. नंतर निमेसुलाइडचीही तीच गत झाली. या तपासण्यांत बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. त्यांच्याच कामातून टॉल्फेनॅमिक ॲसिड हा दुसरा सुरक्षित पर्याय पुढे आला.

इथे एक क्रम खटकतो. औषध आधी बाजारात येते, गोठ्यात जाते, गिधाडे मरतात, मग तपासणी होते, मग काही वर्षांनी बंदी. २०२० ते २०२५ या काळासाठी केंद्राने केलेल्या गिधाड संवर्धनाच्या कृती आराखड्यात, एखादे पशुऔषध गिधाडांना घातक ठरले की ते आपोआप वापरातून बाद व्हावे, अशी व्यवस्था सुचवली आहे. त्याच्याही पुढे जाऊन तपासणी विक्रीच्या आधी व्हायला हवी. मरतुकड्या गुरांना टोचले जाणारे प्रत्येक वेदनाशामक आधी गिधाडांसाठी सुरक्षित ठरले पाहिजे, एवढा एक नियम झाला तर पुढच्या पळवाटा मुळातच बंद होतील.

पिंजऱ्यातली वीण, रानातले ताट

बंदी घालून मेलेली गिधाडे परत येत नाहीत. हरियाणातल्या पिंजोर इथे २००१ मध्ये हरियाणा वनखाते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी गिधाडांसाठी केंद्र सुरू केले. पुढे ते जटायू संवर्धन प्रजनन केंद्र झाले. वनखात्याची जमीन, पक्षितज्ज्ञांचे निरीक्षण आणि पशुवैद्यकांची देखभाल अशी तिन्ही कामे तिथे एकत्र आली. पिंजऱ्यात गिधाडांची जोडी जमणे, तिने घरटे बांधणे, अंडे उबवणे, यातले काहीच घाईने होत नाही. पहिले अंडे काढून यंत्रात उबवले तर काही जोड्या दुसरे अंडे देतात. या युक्तीने वीण थोडी वाढवता येते. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना द्यायचे मांसही औषधमुक्त जनावराचे असावे लागते, म्हणून आधी ते जनावर काही दिवस राखून मगच वापरतात. गोठ्यात पाळायला हवी होती ती काळजी इथे पिंजऱ्यात पाळली जाते.

महाराष्ट्राच्या वाट्याला या कामाचे फळ २०२४ मध्ये आले. पिंजोरहून वीस गिधाडे, पांढऱ्या पाठीची दहा आणि लांब चोचीची दहा, ताडोबा आणि पेंच व्याघ्र प्रकल्पांत आणली गेली. काही महिने प्रशस्त पिंजऱ्यांत स्थानिक हवेची सवय करून मग ती सोडण्यात आली. त्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे होती. त्यांपैकी एका गिधाडाने ताडोबा सोडून थेट तमिळनाडू गाठला. पक्ष्याला अनेक राज्यांचे आभाळ खुले आहे हे त्यातून दिसले. त्याचबरोबर त्या सगळ्या वाटेवरचे गोठे सुरक्षित असावे लागतात, हेही दिसले. सोडलेल्या पक्ष्यांपैकी काही मेलेही. विजेच्या तारांचा धोका आता औषधाच्या जोडीला आला आहे.

दुसरा उपाय गावात करण्याचा. त्याला ‘गिधाडांचे उपाहारगृह’ म्हणतात. गडचिरोलीत आणि रायगडमधल्या फणसाड अभयारण्यात वनखात्याने अशा जागा केल्या. मेलेले जनावर औषधमुक्त आहे याची खात्री करून ते कुंपणाच्या आत ठेवायचे, म्हणजे कुत्री येत नाहीत. नेपाळमध्ये नवलपरासी जिल्ह्यातल्या पिठौली गावाने २००६ पासून याच्याही पुढचे पाऊल टाकले. भाकड, म्हाताऱ्या गाई गावाने आणून सांभाळायच्या. त्यांना घातक औषध द्यायचे नाही. त्या नैसर्गिकरीत्या मेल्या, की शव गिधाडांना द्यायचे. तिथे गाय मारली जात नाही, गाईची हेळसांड होत नाही आणि गिधाडही उपाशी राहत नाही. नेपाळमध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या गेल्या दशकात पुन्हा वाढू लागली आहे. त्यात औषधविक्रेत्यांकडचे जुने साठे बदलून घेण्याच्या मोहिमेचाही वाटा आहे.

रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगावच्या परिसरात स्थानिक कार्यकर्ते, गावकरी आणि वनखाते यांनी मिळून गिधाडांची घरटी राखली आहेत. गिधाडांचे घरटे असलेल्या झाडावर कुऱ्हाड पडू नये, घरट्यातून पडलेले पिलू उचलून उपचारांसाठी पोचवावे आणि मेलेले जनावर पुरण्याऐवजी ठरलेल्या जागी आणावे, असे हे काम. यातले जवळजवळ प्रत्येक पाऊल वनरक्षक आणि पशुवैद्यक या दोघांनी एकमेकांना फोन केल्याशिवाय पुरे होत नाही.

शेवटचा प्रश्न

सांगायचे आहे ते याच फोनविषयी. गिधाडांच्या प्रदेशात काम करणाऱ्या पशुवैद्यकाने मरणासन्न जनावराला सुई टोचण्याआधी धन्याला एक साधा प्रश्न विचारायला हवा, ‘हे जनावर गेलंच, तर तुम्ही ते कुठे टाकणार?’ उत्तर उघड्यावर असे आले, तर औषध मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड असले पाहिजे. चुकीचे औषध आधीच टोचलेले असेल, तर शव खोल पुरायला सांगायला हवे. तसेच वनरक्षकाच्या गस्तीत तालुक्याच्या गावातले औषधाचे दुकान आणि गुरांचा बाजार येणे जरुरीचे आहे. तिथे त्याला कायदा दाखवायचा नाही. दुकानदार आणि पशुपालक यांना औषधाची योग्य नावे सांगायची आहेत. काही ठिकाणी असे संवाद होऊ लागले आहेत, पण ते त्या त्या अधिकाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून आहेत. त्याची बदली झाली, की ते थांबतात. दोन्ही खात्यांच्या कामाच्या यादीत ते लेखी आले, तरच टिकतील.

गिधाड हे यातले पहिले उदाहरण आहे, शेवटचे नाही. गोचिडांवरची औषधे, जंतांवरची औषधे, प्रतिजैविके, सगळी गोठ्यातून शेणात, मातीत आणि पाण्यात उतरतात. ती पुढे कुणाच्या पोटात जातात, हे विचारण्याची सवय आपल्या पशुवैद्यकाला, वनाधिकाऱ्याला आणि औषध नियंत्रकाला एकत्रच लावून घ्यावी लागेल. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, पिलू वाढवायला तिला सहा-सात महिने लागतात आणि ते पिलू पाच वर्षांनी जोडीदार शोधते. आज सगळी घातक औषधे थांबली, तरी गावाच्या आभाळात पुन्हा पन्नास ठिपके दिसायला कित्येक दशके जातील. तोवर प्रत्येक मरणाऱ्या गाईजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात कोणती कुपी आहे, यावर त्यातली किती दशके लागतील हे ठरणार आहे.